काशीरामच्या पायांतली साखर

रविवारी सकाळी भटवाडीतल्या चाळीपुढे एवढी गर्दी जमली की नळाला पाणी आलं तरी कोणी हंडा उचलला नाही. शर्कराहारी महाराज माणसाच्या पायांतून साखर काढत होते!

पाटावर काशीराम बसला होता. संपात गिरणी बंद पडली आणि पाठोपाठ मधुमेह जडला. बायको शेवंती खानावळीत पोळ्या लाटून त्याच्या इन्शुलिनचा खर्च भागवी. घरात फ्रिज नव्हता. बाटली डबीत घालून ती माठात गार ठेवी. आज तीच बाटली काशीरामच्या मुठीत होती. साखर निघाली की बाटली गटारात फेकायची, असा महाराजांचा हुकूम.

"तुझे हात तरी सुटतले गो," तो शेवंतीला म्हणाला होता.

महाराजांनी परातीत त्याचे पाय धुतले आणि लांब नखांची बोटं बुडवून पाणी ढवळलं. "हे साखरे, रेशनकार्डावर नाव नसताना या देहात राहतेस? नीघ! चाखा रे!"

शेजारच्या दादूने वाटीभर घटाघट प्यायलं. "झकास! सरबत आहे यार!" त्याने दुसरी वाटी भरली.

काशीरामने जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं. "शेवंते, मागसून कडू लागता. माझ्या चहातल्या गोळयेसारख्या."

शेवंती थबकली. शेजारणीकडून चिमूटभर साखर आणून तिने वाटीभर पाण्यात विरघळवली. दुसऱ्या वाटीत परातीतलं पाणी घेतलं आणि दोन्ही वाट्या भिंतीकडच्या मुंग्यांच्या रांगेजवळ ठेवल्या. भटवाडीतल्या मुंग्या साखरेच्या बाबतीत कधी चुकत नाहीत. बघता बघता त्या पहिल्या वाटीवर चढल्या. दुसरीकडे एकच गेली, मिशा हलवून परत फिरली.

"त्या आमचं दुरून दर्शन घेतात," महाराज म्हणाले.

"मगे हात साबणान धुवा आणि परत काढा साखर."

"साबणाने शक्ती जाते, बाई!"

"बोटांतली, की नखांतली?"

आता गर्दीलाही चेव आला. लोकांनी महाराजांचे हात धरून खसाखसा धुतले, परातीत नवं पाणी ओतून काशीरामचे पाय पुन्हा धुवायला लावले. दादूने सवयीने चाखलं आणि थुंकला; गोडी पार गेली होती. महाराजांच्या वाढवलेल्या नखांत सॅकरीनच्या गोळ्यांचा चुरा होता. चिमूटभर चुऱ्याने परातभर पाणी गोड होतं. पण ती साखर नव्हे, म्हणून मुंग्या फिरकल्या नाहीत.

"मग मी दोन वाट्या प्यायलो काय?" दादूने विचारलं.

"माझे पाय," काशीराम म्हणाला.

हशात महाराज संडासामागच्या बोळातून पसार झाले. खडावा तेवढ्या राहिल्या.

काशीरामने मूठ उघडली. शेवंतीने बाटली घेऊन डबीत घातली. "हात दुखतत, ह्या खरा. पण तुमी नसलात तर सुटलेले हात घेवन मी करू काय?"

मधुमेह परातीत उतरत नाही. तो रोज सुईने, पथ्याने, पदरमोड करून सांभाळावा लागतो. थकलेल्या माणसाला सुटकेचा मोह होणारच. त्यात त्याला लाज वाटायचं कारण नाही. मात्र औषध फेकण्याआधी चमत्कार करणाऱ्याला एकदा हात धुवायला सांगा. खरा चमत्कार साबणाने जाणार नाही.