आळ नुरुंजीवर

आमच्या लेकीच्या, सोदामच्या कानांमागे आणि मानेवर लाल पुरळ उठलं, तसा घरादाराला आपण डॉक्टर असल्याचा साक्षात्कार झाला. नवऱ्याने अंगाचा साबण बदलला. शेजारणीने स्ट्रॉबेऱ्या बंद करायला लावल्या. मी उशांचे अभ्रे उकळून काढले. पोर मात्र खाजवून खाजवून मान सोलून घेत होती. खऱ्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि सहज विचारलं, घरात एखादा प्राणी आहे का?

होता ना. नुरुंजी. भांड्याच्या तळाशी करपलेल्या भाताच्या रंगाचं आणि त्याच्याच नावाचं मांजर, आणि झोपायचं ते नेमकं सोदामच्या गळ्याशी. झालं, खटल्याचा निकाल लागला. माझ्याबरोबर बेकरीत काम करणारी हेजू त्याला ठेवून घ्यायला तयार झाली. शनिवारी पोचवायचं ठरलं, तसं सोदामने जेवण सोडलं. पोर सहा वर्षांची, पण हट्टाला थेट माझ्यावर गेलेली.

सासऱ्यांनी नातीची बाजू घेतली. मुक्या जिवाला कशाला घालवतेस, म्हणून ते माझ्यावर चिडले. ते आमच्याकडेच राहतात. मी पहाटेच बेकरीत जाते, त्यामुळे सोदामच्या दोन वेण्या रोज तेच घालतात. माझ्यापेक्षा सुबक घालतात, हेही सांगून टाकते.

शनिवारी सकाळी ते बांग नावाच्या त्यांच्या मित्राकडे जाऊन आले आणि मांजराची टोपली त्यांनीच माझ्या हातात दिली. मी हेजूकडे पोचवून परत आले, तर सोदाम भिंतीकडे तोंड करून बसलेली. माझ्याशी बोलेना. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू?

रविवारी माझ्याच मनगटांवर आणि बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं. ही खाज माझ्या ओळखीची होती. लग्न होऊन आले तेव्हा सासरी, ज्याच्या चिकापासून लाकडाला लावायचं रोगण करतात त्या झाडाचे कोवळे कोंब उकळत्या पाण्यातून काढून मिरचीच्या चटणीबरोबर मोठ्या कौतुकाने वाढले होते. वसंतात मोजके दिवस मिळणारी चीज ती. सासरच्यांनी ताटल्याच्या ताटल्या रिकाम्या केल्या. मी जेमतेम चाखले आणि तोंडाचा भोपळा झाला. त्या झाडाचा चीक ज्याला सोसत नाही, त्याच्या अंगावर तो बिब्ब्यासारखा उततो. तेव्हापासून ते कोंब आमच्या उंबऱ्याच्या आत आलेले नाहीत. म्हणून तर कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पण कालची टोपली मी सासऱ्यांच्याच हातून घेतली होती.

मी सासऱ्यांसमोर दोन्ही हात धरले. "बाबा, डोंगरावर कोंब खुडायला जाता ना?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना डोंगर बंद होता. ते खाली मान घालून पायमोजे वर ओढत राहिले. "घरात थोडेच आणतो? बांगकडेच खातो."

"आणि हात?"

"पुसतो की विजारीला. आमच्या घराण्यात ते कुणाला उठत नाही."

"आणि त्याच हातांनी घरी येऊन वेण्या घालता. बाबा, ती माझीही मुलगी आहे."

सासऱ्यांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी आपले हात पाठीमागे लपवले, आणि माझा राग तिथेच संपला.

सोदाम दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिने आजोबांकडे वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "मग आजोबांना कुणाकडे द्यायचं?"

मला हसू आवरेना. सासरे मोरीत गेले, कोपरापर्यंत साबण चोळला, पुन्हा चोळला, आणि ओल्या हातांनीच बाहेर आले.

"आधी नुरुंजीला घेऊन येतो," ते नातीला म्हणाले, "म्हणजे हेजूकडे माझ्यासाठी जागा होईल."