ब्रेकच्या दिव्याची साक्ष

बंद गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले आणि अंगणात जमलेली माणसं एकदम मागे सरली. गाडीत कोणी नव्हतं. चावी फुंकरबाबाच्या मुठीत होती.

"ब्रेकवर पाय त्याचाच आहे," बाबा म्हणाला. "सांगायचं राहून गेलंय पोराचं. मी विचारतो. बाळा, बायकोनं विष घातलं तुला? घातलं असेल तर दिवा लाव."

त्याने टपावर हात ठेवला, फुंकर मारली आणि कमरेने गाडीला हळूच रेटा दिला. दिवे लागले.

ती बायको म्हणजे माझी धाकटी बहीण. तिचा नवरा याच गाडीत, सिग्नलला थांबलेला असताना, हृदयविकाराने गेला. त्यानंतर ब्रेकचे दिवे आपोआप लागायला लागले, आणि सासूने मेकॅनिकऐवजी बाबाला बोलावलं.

मी पोचले तेव्हा दिराने बहिणीचे केस मुठीत धरले होते. दिवा लागला की तो तिचं डोकं बॉनेटवर आपटत होता. तिचा ओठ फाटला होता, डावा डोळा रक्ताने भरला होता, एक हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता.

"कबूल कर गं," सासू हात जोडून म्हणत होती. "म्हणजे माझं लेकरू सुटेल."

शेजारी बघत होते. एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता.

मी दिराच्या मनगटाला कडकडून चावले. बहीण सुटली, पण त्याने उचललेला चाकाचा पाना माझ्या खांद्यावर बसला आणि मी गाडीच्या उघड्या दारात कोसळले. नाकासमोर ब्रेकचं पेडल होतं. बाबाने पुन्हा रेटा दिला, माणसं ओरडली, "लागले, लागले!" पेडल मात्र तसूभरही हललं नव्हतं.

मी तंत्रशाळेत गाड्यांचं वायरिंग शिकवते. पेडलच्या वरच्या अंगाला हात घातला. तिथला सेन्सर, म्हणजे पाय दाबला की दिव्याला कळवणारा छोटा डबा, तडकून लोंबत होता.

"पेडल हललंच नाही," मी म्हटलं.

"आत्म्याला वजन नसतं, ताई," बाबा म्हणाला.

"मग त्याला पेडल तरी कशाला हवं?"

मागे कोणीतरी हसलं. मी सेन्सरची वायर काढली. "आता विचारा."

बाबाने विचारलं. रेटा दिला. मग लाथ घातली. दिवे गप्प.

"रुसला तो. परक्या बाईनं हात लावला ना."

मी वायर परत जोडली आणि त्याच्याच सुरात म्हटलं, "बाळा, तुला फुंकरबाबानं मारलं? मारलं असेल तर दिवा लाव." कोपराने दाराला धक्का दिला. दिवे लागले.

मग तीच माणसं बाबावर तुटून पडली. दिराच्या हातातला पाना आता बाबाच्या कपाळावर बसला, दात फरशीवर सांडले. मी दुखरा खांदा घेऊन मध्ये शिरले.

"पुरे! त्याला जिवंत पोलिसांकडे जाऊ दे. आणि भाऊजी, तुम्हीही जायचंय."

बहिणीचा हात जुळला. डाव्या डोळ्याने तिला आता दिसत नाही.

ती दवाखान्यात असताना सासू एकदा आली होती. बहिणीकडे बघायचा तिला धीर होईना. दारातच मला म्हणाली, "म्हणजे तो काहीच बोलला नाही?"

"नाही, मावशी. तो गेला. तडा गेलेल्या सेन्सरला धक्का बसला की तार टेकत होती, दिवा लागत होता. एवढंच."

ती भिंतीला टेकून खाली बसली. आपल्या मुलासाठी ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

एखादी गोष्ट का घडते हे कळत नसेल, तर कळत नाही म्हणा. त्यात लाज नाही. जाणकाराला विचारा, उघडून बघा, दोनदा तपासा. पण उत्तर सापडेपर्यंत कोणाही माणसावर हात उचलू नका.