ऑर्कममधलं आमचं घर

ऑर्कम गाव वर्षातून एकदाच उघडतं, ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी. एरवी तिथे लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. त्या दिवशी हार्नबरीच्या बाजारचौकातून सकाळी बस सुटते आणि लोक हौसेने जातात. सातशे वर्षांचं चर्च बघतात, आतल्या भिंतीवरचं पुसट चित्र बघतात, ओढ्यावरच्या दगडी पुलावर फोटो काढतात. मी जात असे आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला. माझा थोरला भाऊ रूबेन मात्र आई गेल्यापासूनच्या बावन्न वर्षांत एकदाही आला नव्हता.

आम्ही त्याच गावचे. बाबा मेंढपाळ होते. १९४३च्या डिसेंबरात एक सरकारी माणूस आला आणि शाळेत सगळ्यांना जमवून म्हणाला, सैन्याला गाव हवंय, युद्ध संपलं की परत या. मी आठ वर्षांची, रूबेन अकराचा. आईने निघताना चूल सारवावी तशी स्वच्छ पुसली आणि खिडक्यांचे पडदे तसेच ठेवले. हार्नबरीत आम्हाला लोहाराच्या माडीवर दोन खोल्या मिळाल्या. युद्ध संपलं, पण गाव काही परत मिळालं नाही. बाबा दुसऱ्यांच्या मेंढ्या राखत राखत गेले. आई वाट पाहत राहिली. तिची भांड्यांची दोन खोकी शेवटपर्यंत दोरीने बांधलेलीच होती. खाली अंगणात हातभर जागा होती, तिथे काहीतरी लाव म्हटलं तर म्हणायची, "इथे कशाला? जायचंय ना आपल्याला."

बासष्ट साली ती गेली. जुन्या गावकऱ्यांना ऑर्कमच्या चर्चच्या आवारात पुरायची परवानगी मिळत असे, तशी तिलाही मिळाली. रूबेन लष्कराच्या फाटकापर्यंत आला आणि तिथेच टोपी हातात धरून थांबला. मी सगळ्यांदेखत त्याला म्हटलं, "आईला पोचवायलासुद्धा पाय उचलत नाहीत का रे तुझे?" त्यानंतर आम्ही नाताळला भेटत राहिलो, पण ते वाक्य दोघांच्या मध्ये बसलेलं असायचं.

आणि २०१४च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला.

"यंदा मी येतो."

"कुठे?"

"ऑर्कमला. अजून कुठे?"

"का रे, गावातला पब उघडला असं कुणी सांगितलं का?"

तो हसला नाही. "डॉक्टर म्हणतात, पुढच्या उन्हाळ्याचं काही सांगता येत नाही. तू सोबत आहेस ना?"

बसमध्ये तो सबंध वेळ खिडकीबाहेर पाहत होता. उतरल्यावर मी चर्चकडे वळले, तर तो म्हणाला, "आधी घर." काठी टेकत टेकत तो माझ्यापुढे चालायला लागला. त्याला वाट विचारावी लागली नाही.

घर म्हणजे आता धुराड्याची एक भिंत आणि उंबऱ्याचा दगड. बाकी अंगाला खाज आणणारं रान छातीएवढं वाढलेलं. मी मागची पन्नास वर्षं ते तसंच पाहत आले होते.

"हे मी पाडलं, हेस्टर," रूबेन म्हणाला.

मला वाटलं, उन्हाने त्याला भोवळ आली. "काहीतरीच बोलू नकोस. बस जरा."

"एक्कावन्न साली. माझी सक्तीची लष्करी नोकरी चालू होती. आमची तोफ त्या वरच्या टेकडीवर होती. अधिकाऱ्याने नकाशावरचे आकडे वाचले. आकड्यांवरून काय कळणार? मी दुर्बिणीतून पाहिलं तर आपलं छप्पर. दाराशी आईचं नासपतीचं झाड."

"मग तू सांगायचंस ना त्यांना!"

"काय सांगू? एकोणीस वर्षांचा होतो मी. तोफेची दोरी ओढ म्हणाले, ओढली. दुसऱ्या गोळ्याला छप्पर गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या."

तेव्हा मला आठवलं, त्याच वर्षी तो रजेवर घरी आला होता. आईने त्याच्या बशीत मटणाचा मोठा तुकडा वाढला होता आणि विचारलं होतं, "तू त्याच बाजूला असतोस ना रे? आपलं घर दिसलं का कधी?"

"दिसलं," तो म्हणाला होता. "उभं आहे. पडदेसुद्धा दिसतात."

त्या एका शब्दावर आई अकरा वर्षं खोकी बांधून बसली.

मी तिथून निघाले. चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसले. लोक भिंतीवरच्या चित्राकडे बोटं दाखवत होते. राग त्याचा होता, आईच्या त्या रिकाम्या अंगणाचा होता आणि फाटकाशी मी जे बोलले त्याचाही होता. किती वेळ गेला कळलं नाही.

परत आले तर तो उंबऱ्याच्या दगडावर बसलेला.

"खरं सांगितलं असतंस तर?" मी विचारलं.

"तेव्हा वाटलं, ती हाय खाऊन मरेल. आता वाटतं, चार दिवस रडली असती आणि मग हार्नबरीत झाड लावलं असतं तिने." त्याने चर्चच्या दिशेला पाहिलं. "म्हणून मला फाटकातून आत येता येईना. तिला इथे आणलं आणि घर तर मीच..."

"मी तुला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही, रूबेन."

"मी माफी मागितलीही नाही."

"ऊठ. आईकडे जाऊ."

त्याला गुडघे टेकता येत नव्हते. मी एका बाजूने त्याला धरलं. त्याने थडग्याच्या दगडावर हात ठेवला आणि अगदी हळू, लहान मुलासारखं म्हणाला, "आई, घर नव्हतं गं. मी खोटं बोललो."

फेब्रुवारीत तो गेला. त्याने कुठे पुरायचं हे लिहून ठेवलं नव्हतं. ते माझ्यावर आलं. मी आठवडाभर विचार केला आणि ऑर्कमसाठी अर्ज पाठवला. लष्कराने एका सकाळपुरता गोळीबार बंद ठेवला. आम्ही सहाच माणसं होतो. पादरीबाईंनी मला विचारलं, काही बोलणार का? मी नाही म्हटलं. मग पहिली मूठ माती मीच टाकली.