गॅलरीच्या गजांपर्यंत

मी एक जुने घर आहे, पण माझ्यात एकही वीट नाही. मित्रांनो, मी संगणकाच्या पडद्यावर उभे आहे.

इंटरनेट नवे होते तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात पल्लवी शिकत होती. आपले नाशिकरोडचे घर पडद्यावर उभे करायचे आणि पाहणाऱ्याला त्यात चालता यावे, असे तिने ठरवले. तिचे वडील सावळीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरीला होते. पाळीवरून आले की ते टेपने घर मोजून द्यायचे आणि पल्लवी एकेक भिंत आकड्यांत टाइप करायची. दारावर क्लिक केले की दार उघडे, बटण दाबले की दिवा लागे. हवा यावी म्हणून सावळीरामांनी वरच्या मजल्यावरच्या गॅलरीचे गज एकमेकांपासून लांब लांब बसवले होते. पल्लवीने तेही तसेच लिहिले.

गडबड एवढीच झाली, की वडिलांनी मापे फुटांत दिली आणि संगणकाने ती मीटरमध्ये धरली. सात फुटांचे दार सात मीटरचे झाले, आत चालणारा मात्र माणसाएवढाच, दीड-पावणेदोन मीटरचा राहिला. कॉलेजच्या प्रदर्शनात लोक माझ्यात शिरले ते उंदरासारखे. सरांनी विचारले, "पल्लवी, हे घर बांधलंस की गोदाम?" सगळे हसले, पण रांग लावून माझ्यात फिरलेही. पुढे मी इंटरनेटवर गेले. दूरदूरचे लोक माझे दिवे लावून पाहायचे. फार छान दिवस होते ते.

मग ती वेबसाइट बंद पडली. नव्या संगणकांना माझी भाषा कळेना. मी एका सीडीत, कपाटाच्या खणात पडून राहिले. पण पल्लवीने मला टाकून दिले नाही, याबद्दल मी तिची कायम ऋणी आहे.

यंदा ती माहेरी आली तेव्हा घरात काळजीचे वातावरण होते. तिचा भाऊ योगेश, त्याची बायको हर्षाली आणि त्यांची आरोही तिथेच राहतात. आरोही नुकतीच धरून धरून उभी राहू लागली होती आणि हर्षालीची रजा संपत आली होती. सोमवारी कामावर जायचे, की नोकरीच सोडायची, हे तिला ठरवता येत नव्हते. तिने घराचा कोपरान् कोपरा तपासला होता. धोका कुठे दिसत नव्हता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सावळीराम म्हणायचे, "माझी दोन पोरं याच घरात वाढली. तू उगाच घाबरतेस."

हर्षालीचे मन रमावे म्हणून पल्लवीने माझी जुनी भाषा वाचणारा एक प्रोग्राम शोधून मला लॅपटॉपवर उघडले आणि हसत हसत मापांची गोष्ट सांगितली. या घरात आपण दीड-पावणेदोन फुटांचेच असतो, असे ती म्हणाली.

हर्षाली हसली नाही. तिने टेबलाचा पाय धरून उभ्या असलेल्या आरोहीकडे पाहिले.

"ताई, म्हणजे हिला घर असं दिसतं?"

तिने माउस हातात घेतला. इतके सावकाश माझ्यात कोणी चालले नव्हते. ती खोलीतून गॅलरीत आली, गजांपाशी गेली, आणखी थोडी पुढे गेली. आणि गजांच्या मधून अलगद बाहेर पडून खाली अंगणात कोसळली. माझ्यात पडून कोणाला लागत नाही. तरी तिने माउस सोडून दिला.

ती उठली, देवापुढचा नारळ उचलला आणि खऱ्या गॅलरीत गेली. सावळीराम तिथेच पेपर वाचत होते. त्यांच्या देखत तिने नारळ गजांमधून पलीकडे नेला. तो कुठेही अडकला नाही.

सावळीरामांनी नारळाकडे पाहिले, मग आरोहीच्या डोक्याकडे. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"योगेश," ते म्हणाले, "सोमनाथ वेल्डरला फोन लाव. आजच्या आज मधे गज बसवून घे." मग सुनेकडे वळून म्हणाले, "उभ्या माणसाला नाही दिसत गं हे."

सोमवारी हर्षाली कामावर गेली. जाताना तिने दोनदा वळून पाहिले, पण गेली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी मेहनतीने केलेली एखादी जुनी फाइल पडून असेल. ती पुसण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरात लहान बाळ असेल, तर थोडा वेळ जमिनीवर बसून आपले घर पाहा.

माझ्यात आजवर कोणीच राहिले नाही, पण मला त्याचे वाईट वाटत नाही. ज्या घरावरून मला घडवले, तिथे रोज संध्याकाळी एक मूल नव्या गजांना धरून उभे राहते आणि आईची वाट बघते.