चंद्राहून परतलेली हवाई छत्री

मी एक जुनी हवाई छत्री आहे. मित्रांनो, मी चंद्रापर्यंत जाऊन आले, पण चंद्र कसा दिसतो ते मला विचारू नका. सगळा प्रवास मी यानाच्या टोकाशी, झाकणाखाली, अंधारात घडी होऊन केला. चंद्रावर हवाच नाही, म्हणून तिथे माझा काडीचाही उपयोग नव्हता. माझं काम एकच, तेही अगदी शेवटी: पृथ्वीवर परतणारं यान समुद्रात अलगद उतरवायचं.

मी मुळातच भित्री भागूबाई. आम्ही तिघी बहिणी एकाच कापडातून बेतलेल्या. आमच्या घड्या घालणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. माझी घडी झाली, यंत्राने दाबून मला लाकडासारखं घट्ट केलं, तपासणीही झाली, आणि मावशी मला पुन्हा उलगडू लागल्या.

"मावशी, आता कशाला उकलताय?" तपासणी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"एक दोरी सरळ गेली की पीळ बसला, आठवत नाही मला."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस!"

"असू दे, साहेब. तीन पोरं या दोऱ्यांना लटकणार आहेत."

पीळ कुठेच नव्हता. साहेब हसले आणि मावशींनी पहिल्यापासून घडी घातली. मला मात्र धडकी भरली. मावशींनाच खात्री नाही, तर मी कोणाच्या भरवशावर राहायचं?

तिघा अंतराळवीरांपैकी दोघे चंद्रावर उतरले, तिसरा यानात एकटाच घिरट्या घालत राहिला. खाली सारं जग टाळ्या वाजवत होतं म्हणे. मी अंधारात एकच घोकत होते, वेळ आली की उघडेन ना?

वेळ आली. यान तापलं, थरथरलं, झाकण उडालं आणि आम्ही तिघी आभाळात फेकल्या गेलो. मी उघडले! पण शेजारी धाकटी फुलली आणि लगेच मिटली. का, ते आजही कोणाला नीट कळलेलं नाही. तिचा भार आमच्यावर आला. माझी शिवण न् शिवण करकरू लागली. आता फाटणार, असंच वाटलं.

"एक गेली!" आतून आवाज आला.

"बाकीच्या दोन?"

"आहेत अजून."

त्या 'अजून'नेच माझा थरकाप उडाला. यान पाण्यावर जोरात आदळलं, पण तिघेही वाचले. धाकटी समुद्रातच राहिली.

जहाजावर लोकांनी त्यांना गराडा घातला. "चंद्र कसा होता?" त्यांच्यामागोमाग मलाही पाण्यातून वर ओढलं होतं. माझी ओली कड मुठीत धरून तिघांतला थोरला म्हणाला, "सांगतो. आधी हिला कुणीतरी वाळत घाला."

आता मी संग्रहालयाच्या माळ्यावर असते. मुलं यान बघून जातात, माझ्याकडे कोणी फिरकत नाही, याचं वाईट वाटतं. पण मित्रांनो, तुमच्या शाळेतही आग विझवायचं एखादं लाल नळकांडं भिंतीला टांगलेलं असेल. त्याच्यावर धूळ साचू देऊ नका. तेही माझ्यासारखंच घाबरून वाट बघत असेल, आणि त्यालाही संधी एकदाच मिळणार आहे.