उतावीळ पेशी आणि क्रीमची फुलं

तर झालं काय, केक सजवणाऱ्या ताईची सकाळी मूठच वळेना! आणि हिचा सगळा जीव त्या बोटांत. हॉटेलच्या स्वयंपाकघरात क्रीमची पिशवी दाबून ती अशी फुलं काढायची की गिऱ्हाईक सुरी लावायला कचरायचं. मोठे शेफ म्हणाले, "हंगामभर वाट बघतो. नाही जमलं तर गल्ल्यावर बस." गल्ला! फुलं काढणाऱ्या बोटांनी आता सुट्टे पैसे मोजायचे?

तपासण्यांत निघाला संधिवात, प्रतिकारशक्तीच्या गडबडीतून होणारा. बस्स! लोकांनी "प्रतिकारशक्ती" एवढंच ऐकलं, पुढचं ऐकतंय कोण? भाजी चिरणाऱ्या मावशींनी काढा आणला, नवऱ्याने पावडर आणली, आणि मोठ्याने ऑर्डरी सांगणारा पोरगा, ज्याला सगळे भोंगाच म्हणायचे, तो तर रोज नवी पुडी घेऊन हजर! "घे ताई, शक्ती वाढव!" कुणाचं मन कशाला मोडायचं म्हणून ही बापडी सगळं गिळायची.

हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, शक्ती कमी नाहीये, उतू चाललीये! शरीरात हेल्पर टी-पेशी असतात. त्या स्वतः फारशा लढत नाहीत, बाकीच्यांना हाका मारतात, शत्रू आला, धावा! तुमच्यातल्या काही तुमच्याच सांध्यांना शत्रू समजून बसल्यात. हाक आली की बाकीच्या तुटून पडणारच ना!"

ताईला हसूच फुटलं. "अगं बाई, हा तर आमचा भोंगा! तो चुकीचं ओरडला की अख्खं स्वयंपाकघर चुकीचं रांधतं."

"मग त्याला काढून टाकाल?"

"छे हो! खरी ऑर्डर कोण सांगणार मग?"

"म्हणूनच हे इंजेक्शन त्या पेशींचा आवाज जरा बारीक करतं. वेळ लागेल हं. ताप आला तर लगेच कळवायचं. आणि ते काढे-बिढे बंद!"

हे कळल्यावर भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे मी आगीत तेल ओतत होतो?"

"प्रेमाने ओतलंस रे, गाढवा," ताई म्हणाली.

मग इंजेक्शनं सुरू झाली. आठवडे गेले, काही नाही. हंगाम सरत आला, शेफ नवीन माणूस शोधायला लागले. आणि एका सकाळी नवरा ताईची चादर ओढायला गेला, तर चादर येईचना!

"सोड की गं!"

"नाही सोडत, जा!" म्हणता म्हणता ताईने खाली बघितलं. चादर तिच्या मुठीत! घट्ट! ती उठली ती थेट हॉटेलात, केस विंचरायचंही भान नाही.

पहिलं फूल कलंडलं. दुसरं नीट बसलं. तिसरं तर असं उमललं की मावशींनी हातातली सुरी खाली ठेवली. शेफ आले, वाकून बघितलं, कलंडलेलं फूल बोटाने उचलून तोंडात टाकलं आणि भोंग्याकडे वळून म्हणाले, "ओरड रे. गल्ल्यासाठी माणूस पाहिजे म्हणून!"