हाव सोडा

लातूर जिल्हा होऊन सहा-सात महिने झाले होते आणि गावाला स्वतःचं कौतुक पुरेनासं झालं होतं. पाट्यांवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून 'जि. लातूर' रंगवायचं काम जोरात होतं. नळाला पाणी नव्हतं ते नव्हतंच, पण तो कोरडा नळसुद्धा आता जिल्ह्याच्या ठिकाणचा नळ होता! अशा गावात पुण्याची सिंधु मुलींच्या अध्यापिका विद्यालयात योगाची बाई म्हणून आली. नेमणूक वर्षभराची आणि कच्ची होती.

सिंधुचा एक नियम होता आणि त्याबाबत ती भलती हट्टी होती. विचारल्याशिवाय विद्यार्थिनीला हात लावायचा नाही. खांदा सरळ करायचा असो की टाच, आधी "हात लावू का?" विचारायचं, उत्तर ऐकायचं, मगच पुढं व्हायचं.

लातूरच्या चाळीस मुलींनी या नियमाची पार वाट लावली. विचारा काहीही, उत्तर एकच, "हाव!" इकडं हाव म्हणजे होय, हे सिंधुला पहिल्याच दिवशी कळलं. हात लावू का? हाव बाई. दुखतंय का? हाव बाई. दुखत नाही ना? हाव बाई. निलंग्याकडची जगदेवी तर प्रश्न संपायच्या आतच हाव म्हणायची आणि बोट टेकलं की लाकडासारखी ताठ व्हायची. सिंधु हात मागं घ्यायची. हे होय मनातलं की भीतीचं, ओळखायचं कसं?

बाकी तास म्हणजे नुसती धमाल. शवासनात चाळीस जणी निपचित पडलेल्या असायच्या आणि बाहेर पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजला की चाळीसही प्रेतं उठून घागरी घेऊन पळायची. सिंधुही पळायची. तिची बादली सगळ्यांत लहान होती.

घोटाळा झाला तो अपरिग्रहाच्या पाठाला. सिंधुनं पुण्याहून आणलेली वही उघडली आणि ठणकावून सांगितलं, "हाव ही माणसाची सगळ्यांत वाईट खोड. उद्यापासून प्रत्येकीनं हाव सोडायची. निश्चयानं!" वहीतली हाव म्हणजे लोभ आणि समोरच्या सतरंजीवरची हाव म्हणजे होय, हे बाईंच्या डोक्यातच आलं नाही.

मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. पंचशीला त्यांच्यातली धीट. तिनं विचारलं, "अजिबातच सोडायची, बाई?"

"अजिबात!"

"हा..." म्हणून पंचशीलानं पटकन तोंडावर हात दाबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुनं सवयीनं तिला विचारलं, "हात लावू का?" पंचशीलानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हाव तर सोडलेली. 'हो' म्हणावं तर उगाच पुणेरी झाल्यासारखं वाटायचं. मग उरलं काय?

"न्हाई!" ती म्हणाली.

शेजारची म्हणाली, "न्हाई!" तिसरीला हसू आवरेना, तरी तीही म्हणाली. बघता बघता सगळी रांग न्हाई-न्हाई करत खिदळायला लागली. कुणी हसता हसता कोलमडली, कुणाला उचकी लागली. सिंधु गोंधळून जगदेवीपाशी आली. "हात लावू का?"

जगदेवी हसत नव्हती. तिनं पहिल्यांदाच बाईंच्या डोळ्यांत बघितलं. "न्हाई," ती म्हणाली, आणि कानाला टेकलेले तिचे खांदे आपोआप खाली उतरले. महिनाभर न जमलेलं आसन त्या एका शब्दानं जमलं. सिंधुला आनंदानं रडूच यायला लागलं.

तास संपल्यावर पंचशीलानं उलगडा केला. सिंधु सतरंजीवर आडवी पडून पोट धरून हसली. मग उठून बसली आणि मुलींना म्हणाली, "चूक माझी. हाव परत घ्या. पण मनात असेल तेव्हाच म्हणा. नसेल तेव्हा न्हाई. विचारणारा कुणीही असो."

दुपारी संस्थेचे सचिव गुरुपादप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, आले. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, बडे व्यापारी. "बाई, नव्या जिल्ह्याचं पहिलं योग प्रात्यक्षिक शनवारी आपल्याकडं! आचार्यजी यायलेत. बेस झालं की तिथंच तुमच्या कायमच्या ऑर्डरवर सही."

सिंधुचा चेहरा पडला. हे आचार्यजी म्हणजे योगाचे नावाजलेले गुरू, मागच्या महिन्यात विद्यालयात येऊन गेले होते. आसन सुधारायला म्हणून ते मुलींच्या कमरेला हात घालत आणि तो हात लवकर निघत नसे. तिनं तेव्हाच तक्रार केली होती. 'बापाच्या वयाचा मानूस हाय,' म्हणून अप्पांनी ती उडवून लावली होती.

"ते मुलींना हात लावणार असतील तर प्रात्यक्षिक होणार नाही," ती म्हणाली. नोकरी गेली तर गेली.

"पोरी कुठं नको म्हनल्या? इचारून बघा. हाव म्हनतील."

"मग त्यांनी विचारावं. सगळ्यांसमोर."

"इचारतील की! त्यात काय!"

शनिवारी मांडव खच्चून भरला. आसनं छान चालली होती. मध्येच आचार्यजी मंचावरून उतरले ते थेट जगदेवीकडं. हात पुढं झाला, तशी सिंधु आडवी आली. "आचार्यजी, आधी विचारायचं असतं."

आचार्यजी लोकांकडं बघून हसले. "बेटी, हात लावू का?"

जगदेवीनं सवयीनं तोंड उघडलं. "हा..." तिच्या तोंडून निघालं. सिंधु आणखी एक पाऊल पुढं सरकली.

"...हात न्हाई लावायचा!"

आचार्यजी पुढच्या मुलीकडं वळले. "न्हाई." तिच्या पुढचीकडं. "न्हाई." पंचशीला तर न विचारताच ओरडली. पहिल्या रांगेत अप्पांची बायको शांतम्मा पदरात तोंड घालून हसायला लागली आणि मग सगळा मांडवच हसत सुटला. आचार्यजींचा हात मघापासून हवेतच होता. त्याचं काय करावं ते न सुचून त्यांनी त्याला दुसरा हात जोडून नमस्कार केला आणि गाडी मागवली.

"बाई, माझी पार इज्जत घालवलीत!" अप्पा लालबुंद झाले होते.

"तुमची कुठली? इज्जत पोरींची चालली व्हती," शांतम्मानं त्यांना सगळ्यांदेखत झापलं. "सही करता का न्हाई?"

अप्पांनी बायकोकडं बघितलं, चाळीस मुलींकडं बघितलं. "हाव," ते पुटपुटले.

"अप्पा, हाव सोडा!" चाळीस जणी एका सुरात ओरडल्या. अप्पांना काय कळणार! ते घाबरून पेन शोधायला लागले.

सोमवारी आसनात वाकताना जगदेवीचा उजवा खांदा जरा पुढं आला होता. "हात लावू का?" सिंधुनं विचारलं. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. बाकीच्या उठून पळाल्या. जगदेवी मात्र तशीच वाकून विचार करत राहिली आणि सिंधु हात पाठीमागं धरून थांबली.

"खांद्याला हाव," जगदेवी शेवटी म्हणाली. "कमरेला न्हाई."

सिंधुनं खांद्याला दोन बोटं टेकवली. खांदा ताठला नाही. मग दोघी घागर-बादली घेऊन टँकरमागं धावत सुटल्या.